परवाना पेटीत आणि गाडी नवऱ्याची

मोटारींच्या शर्यतीचा आणि आपला काय संबंध, असे एखाद्या बचत गटाच्या बैठकीत कोणी विचारले तर ते रास्तच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आपण बाया काळीपिवळीत दाटीवाटीने बसून तालुक्याला जाणाऱ्या. तरीही पुण्याच्या डायना पंडोले हिच्याबद्दल आपण बोलायला हवे.

ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तिने राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत एमआरएफ सलून गटाचे अजिंक्यपद मिळवले. असे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी ती भारतातली पहिली स्त्री. हा गट बायकांसाठी राखून ठेवलेला नव्हता. पुरुषांच्या बरोबरीने धावून तिने तो जिंकला.

वर्तमानपत्रांनी कौतुक केले, पण कसे? ‘दोन मुलांची आई’, ‘शिक्षिका’. एखाद्या पुरुष विजेत्याला ‘दोन मुलांचा बाप’ म्हणून मथळ्यात बसवल्याचे कोणी पाहिले आहे का? सन्मान करतानाही बाईला आधी घरात नेऊन उभे करायचे, ही जुनीच खोड.

मला मोलाचे वाटते ते वेगळेच. सलून गटात सगळ्यांच्या हाती एकाच बनावटीची, टोयोटा इटिऑस गाडी असते. ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचे इंजिन तगडे, असे तिथे चालत नाही. आणि डायना तिथवर पोचली ती २०१८ साली एका टायर कंपनीने स्त्रियांसाठी घेतलेल्या निवड कार्यक्रमातून. म्हणजे आधी दार उघडले गेले, गाडी सारखी मिळाली, आणि मग हातातले कसब दिसले.

उलटे घडले की काय होते, ते अमेरिकेच्या जॅनेट गथ्रीकडे पाहून कळते. शिक्षणाने पदार्थविज्ञानाची, पेशाने विमानक्षेत्रातली इंजिनिअर. १९७७ साली डेटोना ५०० या सर्वांत मोठ्या स्टॉक कार शर्यतीत उतरणारी ती पहिली स्त्री; त्यात ती बारावी आली. त्याच वर्षी ब्रिस्टलला सहावी. तरी तिची नॅसकारमधली कारकीर्द ३३ शर्यतींतच आटोपली, कारण खर्च उचलणारे प्रायोजक मिळेनात. गाडीच नाही तर चालवणार काय? नॅसकारने तिला आपला मानाचा ‘लँडमार्क’ पुरस्कार दिला २०२४ साली. सत्तेचाळीस वर्षांनी! तोवर तिचे ट्रॅकवरचे दिवस केव्हाच सरले होते.

आपल्याकडेही असेच होते. स्त्रियांसाठी वाहन प्रशिक्षणाचे वर्ग निघतात, फोटो निघतात, परवाना मिळतो. पुढे? गाडी नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, किल्ली त्यांच्या खिशात. सराव नाही म्हणून हात बसत नाही, आणि हात बसत नाही म्हणून ‘बाईला जमत नाही’ हा शिक्का बसतो. परवाना पेटीत लुगड्यांखाली पडून राहतो. गरोदर सुनेला रात्री चिखलीला किंवा मेहकरला न्यायचे तर पुन्हा शेजारच्या बाप्याची मनधरणी.

म्हणून ‘पहिली महिला’ म्हणून शाल-नारळ देण्याचे कार्यक्रम थोडे कमी झाले तरी चालतील. २०२४ साली जाहीर झालेल्या पिंक ई-रिक्षा योजनेचे सूत्र बरे आहे: किमतीचे २० टक्के सरकार देणार, १० टक्के बाईने भरायचे, ७० टक्के बँकेचे कर्ज. पण पहिल्या आठ जिल्ह्यांत आपल्या विभागातून अमरावती घेतला, बुलढाणा नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जयंतीला भाषणे ठोकणाऱ्या पुढाऱ्यांना हा प्रश्न यंदा विचारायला काय हरकत आहे?

मैत्रिणींनो, आपापल्या गावात परवाना असलेल्या बाया किती, आणि त्यांनी शेवटची गाडी कधी चालवली, हे दोन प्रश्न पुढच्या बैठकीत विचारा. उत्तरे लिहून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना तोच कागद लागणार आहे.