होडी ठरवण्याआधी



लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला जायचे ठरले की तुमची पत्रे येतात, आणि त्यांतले प्रश्न बहुधा ठरलेले असतात. मेतकूट किती न्यावे, लोणच्याची बरणी कशी बांधावी, तिथल्या थंडीत गुडघे धरले तर काय करावे. पण मागच्या आठवड्यात अलिबागच्या एका भगिनीचे पत्र आले ते मी दोनदा वाचले. त्या लिहितात, ‘आम्ही दोघे फेब्रुवारीत ह्यूस्टनला मुलाकडे जाणार आहोत. यांना गळाने मासे धरण्याची जन्माची हौस. तिकडे म्हणे माहितगार माणसासकट होडी ठरवता येते. मुलाला यातले ओ की ठो कळत नाही. कशी ठरवावी? फसवणूक तर होणार नाही ना?’

ताई, फसवणूक सहसा होत नाही. आपणच नीट विचारत नाही म्हणून फसतो. आम्ही तसेच फसलो होतो, म्हणून हे सांगते.

आमच्या ह्यांचे बालपण रेवदंड्याच्या खाडीकाठी गेले. शाळा सुटली की हातात दोरा आणि गरी. पुढे मुंबईत नोकरी, संसार, आणि हौस राहून गेली. तीन वर्षांपूर्वी ह्यांची बायपास झाली. प्रकृती सुधारली, पण माणूस गप्प झाला. सकाळ-संध्याकाळ स्वतःची नाडी बघायची आणि खिडकीशी बसायचे. गेल्या मार्चमध्ये ह्यूस्टनला लेकीकडे गेलो, तर तिथेही खिडकीच. लेकीला ते बघवेना. तिने आम्हाला न सांगता संगणकावर एका होडीचा फोटो पाहिला, आगाऊ पैसे भरले आणि रात्री जेवताना बाबांना सांगितले. ह्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

चौथ्या दिवशी होडीवाल्यांचा फोन आला, पहाटे साडेचारला हजर राहा म्हणून. तेव्हा कळले की ती होडी किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैल आत भर समुद्रात जाणार, दिवसभर तिथेच राहणार, आणि तेही अनोळखी वीस माणसांसोबत. बायपास झालेल्या माणसाला तिथे कोण पाठवील? नको म्हणून कळवले, तर आगाऊ रक्कम गेली ती गेलीच. तसे त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते, आम्हीच वाचले नव्हते. लेक स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. हे म्हणाले, “माझ्यापायी आता एक पैसा घालवू नका.” आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले.

मला मात्र राहवेना. दुसऱ्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन बसले, जावयाला शेजारी घेतले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत चार ठिकाणी फोन केले. भाजी घेताना आपण भेंडी मोडून बघतो ना, तसे प्रत्येकाला तेच तेच प्रश्न विचारले. ते प्रश्न इथे देते, वहीत उतरवून घ्या.

१) होडी जाणार कुठे? हा पहिला प्रश्न. ह्यूस्टनहून तासाभरावर गॅल्व्हेस्टन बेट आहे. त्याच्या आतल्या बाजूला खाडी, बाहेर मेक्सिकोचे आखात. खाडीतली होडी किनाऱ्याच्या नजरेतच राहते आणि पाणीही बेताचे हलते. बाहेर तोंडाशी ‘जेटी’ आहेत. आपल्याकडे जेटी म्हणजे बोट लागायचा धक्का, तिथे मात्र जहाजांची वाट राखण्यासाठी समुद्रात काही मैल घातलेल्या दगडी भिंती. त्यांच्या कडेला मासा मोठा मिळतो, पण होडी डोलते. प्रकृती बघून ठरवा.

२) मासा कोणता? फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथे ब्लॅक ड्रमचा मोसम, म्हणून ताई, तुमची वेळ बरोबर आहे. आपला घोळ आणि ढोमा ज्या कुळातले, त्याच कुळातला हा. हनुवटीला बारीक दाढी, आणि लहानपणी अंगावर चार-पाच काळे उभे पट्टे असतात, ते वयाबरोबर पुसट होतात. घशात दळणाच्या जात्यासारखे दात, त्यांनी कालवे आणि खेकडे फोडून खातो. म्हणूनच आमिष बहुधा चिंबोरीच्या तुकड्याचे लावतात. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून तो ढोल वाजवल्यासारखा घुमतो, त्यावरून हे नाव. फ्लोरिडात केप कोरल गावी लोकांना रात्री घरात घुमणारा आवाज यायचा, गटाराच्या नळांत बिघाड असेल असे वाटायचे. शेवटी कळले, कालव्यातले ब्लॅक ड्रम विणीच्या दिवसांत गात होते!

३) पैसे होडीचे की माणशी? खाडीतल्या छोट्या होडीचे भाडे बहुतेक पूर्ण होडीचे असते, तीन-चार माणसे धरून. दोघे गेलात तरी तेवढेच. म्हणून कुटुंबाने मिळून जावे. अर्धा दिवस म्हणजे साधारण चार तास, पूर्ण दिवस म्हणजे आठ. पहिल्या खेपेला अर्धा दिवस पुष्कळ झाला. गळ, काठी, आमिष, बर्फ आणि मासा साफ करणे यांतले भाड्यात काय काय येते, ते एकेक विचारा. वर शेकडा १५ ते २० बक्षिशी देण्याची तिथे रीत आहे, ती आधीच हिशेबात धरा, म्हणजे शेवटी पाकीट चाचपावे लागत नाही.

४) हवा बिघडली तर? नावाडी नको म्हणाला तर पैसे परत की दुसरी तारीख? आणि आपल्याला जमले नाही, तर किती दिवस आधी कळवायचे? हे तोंडी ऐकून सोडू नका, लेखी मागा. आम्ही इथेच ठेचकाळलो होतो.

५) परवाने कुणाचे? नावाड्याकडे दोन हवेत. पैसे घेऊन माणसे नेण्याचा तिथल्या तटरक्षक दलाचा परवाना, आणि टेक्सासचा मासेमारी-मार्गदर्शकाचा परवाना. विचारायला संकोच नको, चांगला माणूस स्वतःहून दाखवतो. आणि टेक्सासमध्ये गळ टाकणाऱ्या प्रत्येक सतरा वर्षांवरच्या माणसाला स्वतःचाही परवाना लागतो, पाहुण्यालासुद्धा. एका दिवसाचा मिळतो, खाऱ्या पाण्याला चालेल तोच घ्यावा. फ्लोरिडात अशा होडीवर गिऱ्हाइकांना वेगळा परवाना लागत नाही, त्यामुळे तिकडे जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या सांगण्यावर जाऊ नका.

६) आमच्या माणसाला जमेल का? दुखणे लपवू नका. बायपास झाली आहे, बसून मासा ओढता येईल का, होडीवर सावली आहे का, बायकांची सोय काय, असे मी सरळ विचारले. दोघांनी उडवाउडवीची उत्तरे दिली. तिसऱ्याची होडी सगळे दिवस भरलेली. चौथा म्हणाला, “माझे वडीलही हृदयरोगी आहेत. पाठीची खुर्ची आहे, काठी टेकवायला खोबण आहे. आणि त्यांना बरे वाटले नाही तर पंधरा मिनिटांत धक्क्याला आणीन.” मी त्याच क्षणी त्याची होडी ठरवली. अर्थात इथल्या डॉक्टरांना विचारून. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर गळ बोटात रुतण्याची काळजी जास्त घ्यावी लागते, हेही डॉक्टरांनीच सांगितले.

आता घरची तयारी. होडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी पुरेशी आधी घ्यावी, पण रोजच्या औषधांशी जुळते का ते विचारूनच. लांब बाह्यांचा सदरा, टोपीला बंद, आणि तळव्याचा डाग न पडणारे बूट. तेरा वर्षांखालील मुलांना छोट्या होडीत तरंगते जाकीट घालून ठेवणे टेक्सासच्या कायद्यानेच भाग आहे. तुम्ही मागून घ्यायचे. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लिंबाचे सरबत. आणि बरं का, केळी नेऊ नका! होडीवर केळे आले की मासा लागत नाही, अशी तिकडच्या नावाड्यांची समजूत आहे. मी वेफर्सची पुडी काढली तर नावाडी हसून हात जोडू लागला. आपल्याकडे मांजर आडवे जाते, तिकडे केळे.

त्या सकाळी ह्यांना दोन लहान ड्रम मिळाले, सोळा आणि अठरा इंचांचे. मग तासभर काही नाही. मला वाटले, झाले. तेवढ्यात काठी अशी वाकली की नावाड्यानेही हातातला कप खाली ठेवला. हे खुर्चीत बसूनच ओढत होते. थोडे ओढायचे, थोडे सोडायचे, मध्ये दम घ्यायचा. लेक सारखी म्हणत होती, “बाबा, पुरे. त्यांच्याकडे द्या.” ह्यांनी मान हलवली. मी गप्प राहिले, पण पदर मुठीत घट्ट धरला होता. वीस मिनिटांनी मासा होडीशेजारी आला. राखाडी रंग, मोठे तोंड आणि दाढी. नावाड्याने मापून सांगितले, अडतीस इंच. वय वीसच्या वर सहज असेल.

इथे एक नियम सांगते. टेक्सासमध्ये ब्लॅक ड्रम १४ इंचांपेक्षा लहान असला तरी सोडायचा आणि ३० इंचांपेक्षा मोठा असला तरी सोडायचा. मधल्या मापाचे माणशी दिवसाला ५ ठेवता येतात. ५२ इंचांवरचा एक ठेवण्याची मुभा आहे, पण तो क्वचितच लागतो. नियम बदलतात, म्हणून जाण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या खात्याचे त्या वर्षाचे नियम बघावेत. मोठे मासे राखायचे कारण उघड आहे. हा मासा चाळीस-पन्नास वर्षेही जगतो आणि थोराड मादी पुष्कळ अंडी घालते. १९७५ साली डेलावेअरमध्ये सापडलेला ११३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५१ किलोंचा ब्लॅक ड्रम गळाने धरलेल्यांत जगात सर्वांत मोठा म्हणून नोंदलेला आहे.

लेकीला वाईट वाटले. एवढी धडपड करून धरला आणि सोडायचा? हे मात्र माशाच्या पोटाखाली हात धरून, पाण्यात वाकून बसले. जरा वेळाने त्याने शेपटी हलवली तेव्हा हात सैल केले. म्हणाले, “जाऊ दे. थकलाय, पण आत जोर आहे अजून.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अगं, पाणी दे जरा.” पाणी प्यायले आणि पुन्हा गळाला आमिष लावायला घेतले. त्या दिवशी नाडी बघायची आठवण ह्यांना झाली नाही. मीही करून दिली नाही.

लहान माशांचे काय केले, ते विचाराल म्हणून सांगते. खायला लहानच चांगला. मोठ्याचे मांस जाड धाग्याचे, आणि त्यात कधी कधी पांढरे दोऱ्यासारखे जंत दिसतात. शिजवल्यावर ते अपाय करत नाहीत, पण बघून जेवण जात नाही. खवले रुपयाएवढे आणि चिवट, घरी काढू नका. धक्क्यावर नावाड्याकडून साफ करून घ्या. तो नुसत्या तुकड्या काढून डोके आणि काटा पेलिकन पक्ष्यांना टाकतो, म्हणून आधीच सांगा, “ते आम्हाला द्या.” तुकड्यांना हळद, मीठ, तिखट, लसूण आणि कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवा, रव्यात घोळून मंद आचेवर तळा. डोक्याचे कालवण ओले खोबरे, धणे, लाल मिरची आणि चार आमसुले घालून करा, घोळीचे करतो तसेच. जावई दोनदा भात घेऊन जेवला.

आणि होडीचे भाडे झेपत नसेल तर खट्टू होऊ नका. टेक्सासच्या सरकारी उद्यानांत काठावरून गळ टाकायला मासेमारीचा परवाना लागत नाही, आत जाण्याचे शुल्क तेवढे भरायचे. गॅल्व्हेस्टन बेटावर असे उद्यान आहे. आम्ही परत निघण्याआधी हे दोन शनिवार तिथे गेले. एकदा मासा मिळाला, एकदा नाही.

अलिबागच्या ताई, तुम्ही वही घ्या आणि मुलाला शेजारी बसवा. पण फोन यांनाच करू द्या. कोणता मासा, कुठले पाणी, भरती किती वाजता, हे विचारताना त्यांचा आवाज कसा होतो ते ऐका. परवाच्या रविवारी आमचे हे भल्या पहाटे उठून रेवदंड्याला जातो म्हणाले. मी डबा करून दिला. केळी तेवढी ठेवली नाहीत.