महानगर आणि प्रतिभा

प्रतिभेला निसर्गाची निवांत कूस मानवते, शहराचा कोलाहल तिला मारक ठरतो, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजात फार दिवस रूढ आहे. मुंबईच्या धकाधकीत कसले आले काव्य, असे म्हणून सुस्कारा टाकणे हे तर रसिकतेचे लक्षणच होऊन बसले आहे! आमच्या मते हा समज वस्तुस्थितीला धरून नाही.

वाटेगावचा एक मुलगा मुंबईस आला, गिरणीत राबला, घाटकोपरच्या झोपडपट्टीत राहिला आणि अण्णा भाऊ साठे या नावाने महाराष्ट्राला ज्ञात झाला. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाईगिरी केली आणि १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह मराठीला दिला. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवीत होते. त्यांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली अभिजनांच्या काव्यभाषेला हादरा दिला. चित्रकलेतही हेच घडले. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांत एके काळी घरगडी म्हणून राबलेले आरा होते आणि सिनेमाचे फलक रंगविणारे हुसेनही होते.

हे कसे घडले? महानगर माणसाला त्याच्या गावापासून, जातीपासून आणि वडिलार्जित धंद्यापासून थोडे तरी दूर नेते. दहा भाषा बोलणाऱ्यांशी एकाच नळावर, एकाच डब्यात त्याची गाठ घालून देते. या घर्षणातून नवे शब्द जन्मास येतात, नव्या शब्दांबरोबर नवी दृष्टी येते, आणि जिला आपण शैली म्हणतो ती या दृष्टीचीच अभिव्यक्ती होय. ती दुकानात विकत मिळत नाही.

परंतु केवळ गर्दीने हे साधत नाही. गर्दीत उभे राहावयास परवडणारी जागा लागते. १९७४ साली ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि त्यातून प्रायोगिक रंगभूमीची एक चळवळ उभी राहिली. तेथे ना मखमली पडदा होता, ना वातानुकूलित प्रेक्षागृह. एका शाळेने आपले दार उघडले, एवढेच!

आज अशी दारे किती उरली आहेत? १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे व मॉल उभे राहिले. नवोदित लेखक-नटाला भाड्याच्या खोलीसाठी विरार वा बदलापूर गाठावे लागते, आणि त्याचे लिहिण्याचे तास लोकलच्या दांडीला लोंबकळण्यात जातात.

या बाबतीत सरकारला व महापालिकेला जाब विचारलाच पाहिजे. पण शाळा, वाचनालये आणि गृहनिर्माण संस्था चालविणारे विश्वस्त तर आपल्याच मध्यमवर्गातले आहेत ना? सायंकाळी कुलूपबंद असणारी सभागृहे त्यांनी नाममात्र भाड्याने तरुणांना द्यावीत. पुनर्विकासाच्या आराखड्यात मोटारींच्या जागेबरोबर एका तालमीच्या खोलीचाही आग्रह धरावा. प्रतिभेला राजाश्रय नको असेल. आडोसा मात्र हवाच. तो न देणारे शहर श्रीमंत होईल, पण त्याला स्वतःचा असा आवाज उरणार नाही.