उपज

वादक रंगमंचावर उभा राहतो, डोळे मिटतो आणि पूर्वी कोणीही लिहून न ठेवलेले सूर वाजवू लागतो, तेव्हा श्रोत्यांना वाटते की, ही केवळ दैवी देणगी. शिकण्याघोकण्याचा येथे काय संबंध? हा समज जितका मोहक, तितकाच दिशाभूल करणारा आहे. आयत्या वेळी सुचणाऱ्या सुरांना आपल्याकडे 'उपज' म्हणतात. उपज म्हणजे पीक. आणि मशागतीवाचून पीक येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीय वादकांनी जॅझ संगीत घडवले. त्यात प्रथम सर्वजण मिळून मूळ चाल वाजवतात. मग एकेक वादक पुढे येतो आणि तिच्याच आधारे नवी सुरावट रचतो. ही मनमानी नव्हे. चालीखालची स्वरसंगती ठरलेली असते. कधी १२, तर कधी ३२ खंडांचे आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहते. आवर्तन कोठवर आले, याचे भान वादकाला क्षणभरही सोडता येत नाही. साथीदार लय सांभाळतात म्हणून तो भरारी घेऊ शकतो. आणि आपला डाव संपताच तोही दुसऱ्याला वाट करून देतो.

हे संगीत १९३०नंतरच्या काळात मुंबईत रुजले, त्यात गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवण्याचे शिक्षण मिळे. लिहिलेले सूर अचूक वाचण्यास शिकलेल्या या मुलांतूनच पुढे न लिहिलेले सूर वाजवणारे कलावंत निपजले. हळदोणे गावी १९१६ साली जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ हे 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेटवादक म्हणून गाजले. लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श होता. संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी काम केले. १९५१च्या 'अलबेला' चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसले.

मात्र हे तत्त्व समजण्यासाठी मुंबईपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मुळशी तालुक्यातील रिहे असो वा अन्य कोणतेही खेडे, भजनाला बसलेला जाणता गायक अभंगाचा एकच चरण नाना परींनी आळवतो. आठ मात्रांचा भजनी ठेका चालू असतो. टाळकरी चरण झेलतात, आणि कितीही दूर गेलेला गायक नेमका समेवर परततो. तो चुकला, तर केवळ त्याचेच गाणे बिघडत नाही. साऱ्या मंडळींचा मेळ मोडतो.

नियमांनी प्रतिभा कोमेजते, असे काहीजण म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. गुरूची तान जन्मभर जशीच्या तशी म्हणणारा शिष्य हा केवळ प्रतिध्वनी होय. पण जो ती तान शिकलाच नाही, त्याच्यापाशी बदलण्याजोगे तरी काय असणार? पाठांतर ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. पाढे, व्याकरण, कविता यांचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानी घ्यावे. सभेत ऐन वेळी नेमका शब्द सुचतो, तो ज्याने पुष्कळ वाचले व इतरांचे लक्षपूर्वक ऐकले, त्यालाच. स्वातंत्र्य हे तयारीने मिळवावे लागते, आणि मिळाल्यावर सोबत्यांचा ताल सांभाळून ते भोगावे लागते.