अर्ज इंग्रजीत, गाणं आमचं

संगीताचा इतिहास संशोधनातून आणि नव्या निर्मितीतून शोधायचा म्हणून आता आर्टिस्ट रेसिडेन्सी भरतात. कलावंताला काही आठवडे राहायला जागा, मानधन, शेवटी एक सादरीकरण. योजना वाईट नाही. आमचा आक्षेप तिच्या दाराला आहे. अर्ज इंग्रजीत, सोबत पोर्टफोलिओ आणि शिफारसपत्रं! कल्याण पूर्वेतला, उल्हासनगरातला, वागळे इस्टेटमधला गायन पार्टीचा म्हातारा गायक या दारातून आत कसा जाणार?

तो आत जातो, पण दुसऱ्याच्या प्रकल्पात. निवडलेला 'फेलो' रेकॉर्डर घेऊन त्याच्या खोलीवर येतो, चहा पितो, वहीच्या पानांचे फोटो काढतो. मानधन फेलोला. म्हाताऱ्याला 'माहितीदाता' ही पदवी, तीही तळटिपेत.

वामनदादा कर्डक गिरणी कामगार. अक्षरओळख मोठेपणी झालेली. गावोगाव, वस्त्यावस्त्यांत कार्यकर्त्यांच्या घरी मुक्काम करायचा, तिथेच लिहायचं, रात्री तिथेच गायचं. रेसिडेन्सी म्हणतात ती आणखी वेगळी काय असते? यजमान गरीब होते, एवढाच फरक. आणि संशोधनाचं म्हणाल तर भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवरचं पुस्तक १९७८ मध्ये दिलं. ज्यानं जलसा उभा केला, त्यानंच त्याचा इतिहास लिहिला. गाणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा, ही वाटणी आमच्या चळवळीतली नाही. ती जातीच्या समाजातून आली आहे.

अशी वाटणी कुठे नेते ते अमेरिकेत दिसलं. लेड बेली या काळ्या गायकाला जॉन लोमॅक्सनं १९३३ मध्ये तुरुंगात रेकॉर्ड केलं. पुढे 'गुडनाइट आयरीन' या गाण्याच्या श्रेयात लोमॅक्सचंही नाव लागलं. लेड बेली डिसेंबर १९४९ मध्ये गेला आणि १९५० मध्ये 'द वीव्हर्स' या गोऱ्या गायकांच्या आवाजात तेच गाणं देशात पहिल्या क्रमांकावर पोचलं.

आपल्याकडे कायदा आहे. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. वामनदादा २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत. त्यांचं नाव न घेता त्यांची गाणी किती मंचांवर वाजतात ते जयंतीच्या आठवड्यात मोजून पाहा. (डीजेसाठी वर्गणी जमते. वह्यांच्या झेरॉक्ससाठी मागा, लोक घड्याळ बघतात.)

ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर ही सभागृहं आपल्या कराच्या पैशावर चालतात. दोन्ही महापालिकांनी तिथे दरवर्षी गायन पार्टीतल्या कलावंतांची रेसिडेन्सी भरवावी. अर्ज तोंडी आणि मराठीत. गायकाबरोबर ढोलकी, हार्मोनियम आणि कोरसवाल्यांनाही मानधन, कारण रात्रभर गाऊन सकाळी नाक्यावर उभं राहणाऱ्याची रोजी बुडते. जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचलेल्या आज्यांना पहिला मान. इंग्रजी शिकलेली आमची पोरं मदतनीस असतील, त्यांचं नाव दुसरं लागेल. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत वस्तीतल्या बुद्धविहारात राहील. ही अट सुटली, तर बाकीच्या अटींना अर्थ नाही.

महापालिकांची अंदाजपत्रकं फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडली जातात. त्याआधी प्रत्येक वॉर्डातून निवेदन गेलं पाहिजे, सोबत गायकांची यादी : वय किती, वह्या किती, कॅसेट किती. यादीचं काम येत्या रविवारीच सुरू करा. बऱ्याच घरांत कॅसेटना बुरशी लागली आहे.