उपाध्यक्षाचे मौन

अध्यक्षाचे काही बरेवाईट झाल्यास ज्याच्या हाती राष्ट्राची सर्व सत्ता क्षणार्धात यावयाची, त्या अमेरिकन उपाध्यक्षास एरवी सेनेटचे अध्यक्षस्थान भूषविण्यापलीकडे व समसमान मते पडल्यास निर्णायक मत देण्यापलीकडे घटनेने फारसे काम दिलेले नाही. पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनीच या पदाच्या क्षुद्रतेबद्दल पत्नीस लिहिलेल्या पत्रात खंत व्यक्त केली होती. अशा पदावर कर्तृत्ववान पुरुष बसला म्हणजे त्याची कशी ओढाताण होते, हे ह्यूबर्ट हंफ्री यांच्या चरित्रावरून ध्यानी येते.

हंफ्री यांचा जन्म १९११ साली साउथ डाकोटातील एका लहान गावी झाला. महामंदीच्या दिवसांत शिक्षण अर्धवट टाकून त्यांना वडिलांच्या औषधांच्या दुकानात उभे राहावे लागले. पुढे ते पदवीधर झाले, त्यांनी काही काळ कॉलेजात राज्यशास्त्र शिकविले व १९४५ साली ते मिनिआपोलिसचे महापौर झाले. १९४८ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फिया येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, ज्येष्ठांचा सबुरीचा सल्ला बाजूस सारून, या ३७ वर्षांच्या तरुणाने निग्रोंच्या नागरी हक्कांचा आवेशपूर्ण पुरस्कार केला. दक्षिणेकडील काही प्रतिनिधी सभात्याग करून गेले. ठराव मात्र संमत झाला. १६ वर्षांनी नागरी हक्कांच्या विधेयकाची सेनेटमधील धुरा त्यांनीच वाहिली. विरोधकांनी भाषणांचा अखंड पूर चालविला होता. तो १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी रोखला गेला आणि कायद्याचा मार्ग मोकळा झाला.

असा निर्भय पुरुष १९६५ साली उपाध्यक्ष झाला. त्याच फेब्रुवारीत त्यांनी व्हिएतनाममधील युद्ध वाढवू नये, असा इशारा देणारे टिपण अध्यक्ष जॉन्सन यांना पाठविले. परिणाम असा झाला की, महत्त्वाच्या मसलतींतून त्यांना वगळण्यात आले. जानेवारी १९६६ मध्ये लालबहादुर शास्त्री यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून ते दिल्लीस आले होते. अशा औपचारिक कार्यास उपाध्यक्ष चालत होता. युद्धाच्या खलबतास तो नको होता. त्यानंतर हंफ्री त्याच युद्धाचे जाहीर समर्थन करू लागले. १९६५ च्या प्रारंभी व्हिएतनाममध्ये सुमारे २३ हजार अमेरिकन सैनिक होते. १९६८ अखेर ही संख्या पाच लाखांवर गेली होती.

उपाध्यक्षच अध्यक्षाविरुद्ध बोलू लागला तर राज्यकारभार कसा चालावा, असे कोणी विचारील. हा प्रश्न अगदीच गैरवाजवी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु निष्ठेपोटी मौन पाळणे वेगळे आणि ज्या धोरणाचा धोका आपणच दाखविला त्याची भलावण करीत हिंडणे वेगळे. शिवाय उपाध्यक्ष हा लोकनिर्वाचित असतो. मंत्र्याप्रमाणे त्याला अध्यक्ष बडतर्फ करू शकत नाही. हंफ्री यांना गमवावी लागली असती ती अध्यक्षांची मर्जी; पद नव्हे. पण पुढच्या पायरीवर डोळा असलेल्यास ती मर्जीच पदाहून मोलाची वाटू लागते.

१९६८ साली अध्यक्षपदाची उमेदवारी मिळूनही ते त्या युद्धाच्या सावलीतून बाहेर पडू शकले नाहीत. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात बाँबफेक थांबविण्याची तयारी त्यांनी अखेर जाहीर केली आणि त्यांचे पारडे जड होऊ लागले. परंतु तोवर फार उशीर झाला होता. सात कोटींहून अधिक मतांत निक्सन यांच्याहून त्यांना सुमारे पाच लाख मते कमी पडली.

१९७१ साली हंफ्री सेनेटमध्ये परतले आणि जानेवारी १९७८ मध्ये निधन पावले. आधी बोलते तर निवडणूक जिंकतेच, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि आम्हांस तो प्रश्न गौणही वाटतो. ज्याला संकट दिसले होते, ज्याची वाणी एकदा राष्ट्राने ऐकली होती, तो ऐन वेळी आपल्या विवेकाच्या बाजूने बोलला नाही, हे शल्य निकालाहून मोठे आहे. दुय्यम आसनावर बसणाऱ्या प्रत्येकाने हे चरित्र अवश्य अभ्यासावे.