कुत्र्याला सुनावणी, डुकराला गोळी

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबाबतचा स्वतःचाच अकरा दिवसांपूर्वीचा आदेश बदलला. नसबंदी करा, लस टोचा, उचललं त्याच भागात सोडा. पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे तेवढे वगळा. श्वानप्रेमींचं म्हणणं तीन न्यायाधीशांनी ऐकलं. ऐकावंच, मुक्या जिवाशी आपलं वैर नाही.

पण जबलपूरकडचे बसोर बांबूच्या कामाबरोबर डुकरं पाळतात, आपल्याकडे कैकाडी आणि वडार पाळतात. आजारपण, लग्न, पोरीची कॉलेजची फी त्या डुकरांवर निघते. त्यांचं म्हणणं कुठल्या पीठापुढे गेलं?

मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्याचं कलम ३८४ वाचा. लेखी परवानगीशिवाय डुक्कर पाळायचं नाही. मोकाट सापडलं तर तिथेच मारता येतं आणि मालकाला भरपाईचा दावा नाही. २०२३च्या केंद्रीय नियमांत मात्र गल्लीतला कुत्रा ‘सामुदायिक प्राणी’ आहे.

घाण होते, म्हणे. उकिरडा आमच्या वस्तीला कोणी लावला, ते आधी सांगा.

गंमत अशी, की १८७१च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात ‘गुरे’ या शब्दात डुक्करही मोजलंय! म्हणजे कोंडवाडा, दंड, मग जनावर मालकाच्या ताब्यात. इंग्रजाने गाईबरोबर डुकरालाही दिलेली ही वाट पालिका का विसरते?

आपल्यातले बरेच जण आता एलएल.बी. झालेत. पुढच्या वेळी वस्तीत पालिकेची गाडी आली, की आधी लेखी आदेश मागा.