नशीब वगळले, तरी व्यसन उरते

झोप येत नाही आणि छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन तिशीतला एक तरुण ओपीडीत आला. ईसीजी, थायरॉइड, साखर, सगळे ठीक. रात्री किती वाजता झोपता, असे विचारले तर तो गप्प. उत्तर बायकोने दिले, "पहाटे तीनपर्यंत मोबाइलवर पत्ते चालतात, डॉक्टर. डोक्यावर कर्ज झालंय." तो पटकन म्हणाला, "सर, तो जुगार नाही. स्किलचा गेम आहे."

हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्यात तथ्य किती?

पोकरमधले नशीब मुख्यतः पत्त्यांच्या वाटपात असते. ते कमी करण्याची युक्ती ब्रिज खेळणाऱ्यांना जुनीच आहे, ती म्हणजे डुप्लिकेट. पहिल्या टेबलावर तिसऱ्या खुर्चीला जे पत्ते, तेच इतर प्रत्येक टेबलावरच्या तिसऱ्या खुर्चीला. मग तुलना त्या खुर्चीवरच्या खेळाडूंचीच होते. तेच पत्ते हाती असताना जास्त चिप्स कोणी मिळवल्या, कमी कोणी गमावल्या? संगणकाला असे वाटप अगदी सोपे. 'मॅच पोकर' हा सांघिक प्रकार याच तत्त्वावर उभा आहे. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थापन झाला. समोरचे खेळाडू वेगवेगळे असल्याने नशीब पूर्ण जात नाही, पण बरेच घटते.

पैसे न लावता खेळला, तर हा बुद्धीचा चांगला खेळ आहे. माझा आक्षेप 'कौशल्य' हा शब्द निर्धोकपणाचा दाखला म्हणून वापरण्याला आहे.

मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम-५' या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत एकाच प्रकरणात घेतला. त्याच्या निकषांत खेळात नशीब किती, हा प्रश्नच नाही. डावावरची रक्कम वाढत जाते का? थांबायचे म्हटले की चिडचिड होते का? गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा बसावेसे वाटते का? घरी खोटे बोलावे लागते का? प्रश्न असे आहेत.

उलट, कौशल्याची भावना धोका वाढवू शकते. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना लॉटरीचे तिकीट स्वतः निवडू दिले, तर काहींना नुसते हातात दिले. विकायला सांगितल्यावर, स्वतः निवडणाऱ्यांनी कितीतरी जास्त किंमत मागितली. तिकिटाची जिंकण्याची शक्यता तर तेवढीच होती! जिथे थोडे कौशल्य खरोखरच लागते, तिथे हा भ्रम आणखी घट्ट बसतो. नशिबाने हरलेला कधीतरी कंटाळून उठतो. 'माझी चूक झाली, पुढच्या वेळी सुधारतो' असे म्हणणारा मात्र बसून राहतो.

आता हिशेब पाहा. नशीब घटले की नवख्याला अधूनमधून लागणारी लॉटरीही घटते, आणि सरस खेळाडूकडून तो अधिक नियमितपणे हरतो. शिवाय पैशांच्या डावात कंपनी आपले कमिशन कापून घेते. म्हणजे सगळे खेळाडू तोडीस तोड असले, तरी सरासरीने सगळ्यांचाच खिसा हलका होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांबाबत कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. डॉक्टर म्हणून मला तो विचार पटतो. पण बंदी म्हणजे उपचार नव्हे. सवय मेंदूत रुजलेली असते आणि आडवाटा सापडतात. या कायद्यातल्या शिक्षा खेळ चालवणाऱ्यांसाठी आणि जाहिरात करणाऱ्यांसाठी आहेत, खेळणाऱ्यासाठी नाहीत. त्यामुळे कारवाईच्या भीतीने डॉक्टरांपासून लपवू नका. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. घरच्यांनी कर्ज गुपचूप फेडून विषय मिटवू नये. पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावेत. निराशेची किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

त्या तरुणाला मी एवढेच विचारले, "कौशल्याचा खेळ आहे ना? मग एक महिना एकही पैसा न लावता खेळून दाखवाल?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग त्यात मजा काय, सर?"

निदान त्यानेच केले होते. मी फक्त मानसोपचार विभागाची चिठ्ठी लिहिली.